रानवाटेवर धावताना

(शहरातल्या मंडळ्यांच्या तरुण संघांतून पोलादपूरला धावायला आलेल्या पाहुण्यांपुढे, आदल्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



प्रवासानं दमला असाल. चहा झालाय, जेवणाला अजून तासभर आहे. तेवढ्यात उद्याच्या वाटेबद्दल बोलून घेतो, कारण पहाटे बोलायला वेळ नसतो आणि ऐकायला कुणी थांबत नाही.

तुमच्यातल्या एकानं मला फोनवर विचारलं होतं, पावसाळ्यात का नाही बोलावलं? कोकण तेव्हा खरं हिरवं असतं. दिसतं खरं. पण इथला पाऊस लांबून बघायचा असतो. पावसाळ्यात ज्या वाटेनं तुम्ही धावाल, ती वाट तेव्हा ओढा असते. महाबळेश्वरावर पडलेलं पाणी सावित्रीतून खाली येतं, महाडजवळ तिला काळ आणि गांधारी मिळतात, आणि तिकडे समुद्राला भरती असली की पुढे बाणकोटला पाणी उतरत नाही. २२ जुलै २०२१ हा दिवस इथं कुणाला सांगावा लागत नाही. त्या दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर डोंगर आला, ८०हून अधिक माणसं गेली. आपल्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरड आली. त्यानंतर डोंगरातल्या कितीतरी वाटा बदलल्या. नकाशावर रेघ दिसते, फोनमध्येही दिसते, पण तिथं गेलं की पुढे नुसता मातीचा उघडा उतार. म्हणून पहिली गोष्ट सांगतो: उद्या फोनमधली रेघ बघून कुणी पुढे जायचं नाही. वाडीतली माणसं सोबत आहेत, त्यांच्या मागून जायचं.

आता शरदाचं. नवरात्र बसलं की इथं रान मोकळं व्हायला लागतं. पाऊस मागे सरतो, ओढ्यांचं पाणी निवळतं, वाटेवरचा चिखल घट्ट होतो, पण माती अजून मऊ असते. पाय टाकला की ती पायाला जागा देते. दिवाळीनंतर हीच माती इतकी कडक होते की उतरताना गुडघे बोलायला लागतात. कातळावर सोनकीचा पिवळा रंग अजून थोडा शिल्लक असेल. तेरडा संपत आलाय. गवत कमरेएवढं आहे, त्याचे तुरे पिकलेत आणि सकाळच्या उन्हात सगळा उतार सोन्यासारखा दिसतो. खाली हळव्या भाताची कापणी चालू आहे, त्याचा वास वरपर्यंत येतो. फोटो काढा, मी नाही म्हणत नाही. फक्त भाताच्या बांधावरून धावू नका. बांध पावसात मऊ झालेला असतो, तो ढासळला तर शेतकऱ्याला पुन्हा घालावा लागतो.

याच दिवसांत ऑक्टोबरचा उन्हाळाही असतो. साडेआठपर्यंत हवा गार वाटते, दहा वाजता तेच रान भट्टीसारखं होतं, कारण वारा पडलेला असतो आणि गवतातून वाफ येते. दरवर्षी शहरातून आलेला एखादा तगडा जवान वरच्या खिंडीत जाऊन बसतो. पाणी संपलेलं असतं आणि अभिमान सोडवत नाही. दीड लिटर पाणी प्रत्येकानं स्वतःच्या पाठीवर घ्यायचं. थोडं मीठ-साखर घाला. वाटेत ओढा लागेल, त्याचं पाणी दिसायला काचेसारखं आहे, पण वर गुरं चरतात. पिऊ नका.

वाटेबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण मला त्यातच जास्त रस आहे.

सह्याद्री चढून देशावर जायला या भागात जुन्या वाटा पुष्कळ. गाडीसाठी आता आंबेनळी आणि वरंधा हे दोन घाट आहेत, पण माणसांसाठी त्याच्या कितीतरी आधीपासून वाटा होत्या. प्रतापगडाखालची पारघाटाची वाट आहे. ढवळे गावातून चंद्रगडाजवळून महाबळेश्वरच्या आर्थर सीटला चढणारी अवघड वाट आहे. तिकडे महाड तालुक्यात मढे घाट आहे. १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, तेव्हा त्यांचा देह त्या घाटानं खाली उमरठला आणला, असं परंपरा सांगते. उमरठ आपल्याच तालुक्यात आहे, तिथं त्यांची समाधी आहे. उद्या दुपारी वेळ राहिला तर बघून या. रायगड राजधानी होती तेव्हा या वाटांवरून जासूद धावत. पत्र घेऊन धावणं हा त्यांचा पेशा होता. तुम्ही ज्याला आज ट्रेल रनिंग म्हणता आणि त्यासाठी आठ-दहा हजारांचे बूट घेता, ते इथं पोटासाठी केलं जात होतं. चिडू नका, बूट चांगलेच आहेत, मीही घातलेत.

आता विचार करा, इतक्या पावसात, इतक्या रानात वाट टिकते कशी? ती कुणी बांधलेली नाही. पावसाळ्यात गवत आणि कारवी तिच्यावर येते, अलीकडे रानमोडीनं तर उच्छाद मांडलाय. गणपतीनंतर पहिला माणूस कोयता घेऊन वर जातो, आडव्या आलेल्या फांद्या छाटतो. मग दुसरा जातो. बायका लाकडाला जातात, मुलं शाळेला खाली येतात, गुरं जातात. महिनाभरात वाट पुन्हा उघडते. वाडी उठून खाली डांबरी रस्त्याला आली, की वरची वाट दोन पावसाळ्यांत बुजते. मी अशा तीन वाटा बुजलेल्या बघितल्या आहेत. त्यांपैकी एकीवरून मी पंधरा वर्षांपूर्वी मीटिंगला जात असे. आता तिथं कारवीत शिरताही येत नाही.

म्हणजे उद्या तुमच्या पायाखाली जी सात किलोमीटरची वाट असेल, ती कातकरी आणि गवळी-धनगर लोकांच्या रोजच्या चालण्यानं राहिलेली वाट आहे. त्यांना ती हौसेसाठी लागत नाही. रेशन तिच्यावरून येतं. आजारी माणूस तिच्यावरून खाली येतो. तुमच्यापैकी कुणी डोली वाहिली आहे का? दोन बांबू, मध्ये चादर किंवा घोंगडी, आत बाळंतपणाला अडलेली बाई, आणि खांद्याला चौघं. ती माणसं चालत नाहीत आणि पळतही नाहीत, मधलीच एक गती असते. दर शे-दोनशे पावलांवर खांदा बदलतात, पण डोली खाली टेकवत नाहीत. मी त्यांच्यामागून नुसता पिशवी घेऊन गेलो आहे, आणि माझी छाती भरून आली होती. पुढच्या माणसाचं सगळं लक्ष पायाखाली, मागचा फक्त पुढच्याच्या पाठीकडे बघत असतो. खाली रस्त्याला रुग्णवाहिका उभी होती म्हणून त्या बाईचं आणि बाळाचं बरं झालं. आता काही वाड्यांना रस्ते झालेत, काहींचे मंजूर आहेत. २०२३च्या नोव्हेंबरात केंद्राची पीएम-जनमन योजना सुरू झाली, ती कातकऱ्यांसारख्या अतिअसुरक्षित आदिवासी गटांसाठीच आहे, त्यात रस्त्यांचंही काम येतं. महाराष्ट्रात असे तीन गट: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. होईल तेव्हा होईल. उद्या वाटेत डोली किंवा डोक्यावर मोळी घेतलेली बाई समोरून आली, तर तुम्ही वाटेच्या वरच्या अंगाला सरकून थांबायचं. वेळ मोजायचं घड्याळ बंद केलं तरी चालेल.

धावायचं कसं, हे मी तुम्हाला शिकवणार नाही, वाडीतली मुलं शिकवतील. तुमच्यातले बरेच जण रस्त्यावरचे धावपटू आहेत. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन केलेलेही दोघं दिसतात. डांबरावर पाऊल एकसारखं पडतं. इथं दोन पावलं सारखी पडत नाहीत. मुलांकडे बघा. ती पायाखाली बघत नाहीत, चार-पाच पावलं पुढे बघतात. पाऊल लहान टाकतात, उतारावर तर फारच लहान, आणि हात थोडे बाजूला पसरतात, पाखरू उतरताना पंख करतं तसे. उभ्या चढावर ती सरळ चालतात. चढावर चालण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. ओढ्यातल्या दगडावर सावलीत अजून शेवाळ असतं, तिथं ती दगडावर पाय देतच नाहीत, पाण्यात देतात. शहरातला माणूस बूट भिजू नये म्हणून दगडावर उडी मारतो आणि तिथंच आपटतो. भिजलेला बूट तासाभरात वाळतो, मनगट जुळायला महिना-दीड महिना लागतो.

आता घाबरवण्यासाठी नाही, पण सांगायलाच हवं असं काही.

या दिवसांत विंचू बाहेर असतो. उन्हाळ्याचे दिवस आणि मग भातकापणीचे दिवस, या दोन वेळांना लाल विंचवाचा दंश जास्त होतो. दगडाखाली, पेंढ्यात, पडक्या भिंतीत तो असतो. इथं बसलेल्या सगळ्यांना महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर माहीत असतील असं नाही. १९७६ साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले. तेव्हा लाल विंचवाच्या गंभीर दंशानं दर शंभरांत चाळीसेक माणसं दगावत, त्यांत लहान मुलं पुष्कळ. डॉक्टरांनी रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून नोंदी केल्या. हृदयावर आणि फुप्फुसावर नेमकं काय होतं ते ओळखलं आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध द्यायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण शंभरी एकावर आलं. त्यांचं हे काम 'लॅन्सेट' या लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाडसारख्या गावातून हे झालं, याचा आम्हाला इथं फार अभिमान आहे. तुमच्यासाठी यातलं कामाचं एवढंच: दंशानंतर घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर थांबायचं नाही, तडक दवाखाना. आणि दगडावर बसण्याआधी त्याच्याखाली काठी फिरवायची.

दुसरं फुरसं. वीतभर-दोन वीत लांबीचा साप, वाळलेल्या पानांच्या रंगाचा. तो पळून जात नाही, वेटोळं घालून अंग घासतो आणि खरखर आवाज करतो. तो आवाज आला की जागीच थांबा. चावला तर कापायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही. पाय न हलवता उचलून खाली आणायचं, सरकारी दवाखान्यात प्रतिविष असतं. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. या गवतात बारीक माइट असतात, त्यांच्यापासून स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. उद्या अंगाला पूर्ण कपडे, मोजे वर ओढलेले, गवतात लोळून फोटो नाहीत, आणि परत आल्यावर साबणानं आंघोळ. घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप आला आणि अंगावर कुठं काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की आम्ही कोकणात रानात गेलो होतो. ते एक वाक्य सांगितलं की औषध लवकर सुरू होतं.

तुमच्यापैकी अनेकांनी मला विचारलंय, या मुलांतून दुसरी कविता राऊत निघेल का?

कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी. २०१०च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक, त्याच वर्षी चीनमध्ये आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. सावरपाडा एक्स्प्रेस म्हणतात तिला. तिचं नाव घेतलं की इथल्या मुलींचे डोळे चमकतात, हे मी बघितलंय. पण मला हा प्रश्न जरा खटकतो, आणि का ते सांगतो. डोंगरात राहिलं, अनवाणी फिरलं की कुणी आपोआप धावपटू होत नाही. कविताताईंना नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले, वर्षानुवर्षं रोज सराव झाला, बाराही महिने. हे बाराही महिने फार महत्त्वाचे आहेत, आणि आमचं घोडं तिथंच अडतं.

उद्या तुमच्या पुढे एक मुलगी धावेल. सातवीत आहे. नाव सांगत नाही, उद्या तुम्हाला आपोआप कळेल, कारण ती तुम्हा सगळ्यांच्या पुढे असेल. गेल्या वर्षी शाळेच्या तालुका स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. स्पर्धेच्या दिवशी ती इथं नव्हती. दिवाळी झाली, मुकादमाची गाडी आली आणि घर बंद करून सगळे वीटभट्टीवर गेले.

कातकरी हे नाव काथावरून आलं. खैराच्या लाकडातून काथ काढणं हा त्यांचा जुना धंदा. तो जंगलाच्या कायद्यांनी गेला, जमीन बहुतेकांच्या नावावर नाही. मग भातकापणी संपली की काम उरत नाही. पावसाळ्यात, चूल पेटत नाही अशा दिवसांत मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला दिवाळीनंतर जायचं. कुणी भट्टीवर, कुणी कोळसा पाडायला. विटांचा हिशोब हजारी होतो, म्हणून नवरा-बायको रात्री उठून चिखल मळतात आणि मुलं सकाळी विटा उलट्या करतात, सुकायला. पावसाच्या तोंडावर परत येतात तेव्हा हिशोबात पुन्हा काही बाकी निघालेली असते. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६चा आहे. कायदा चांगला आहे.

तर पावसाळा संपल्यापासून दिवाळीपर्यंतचे हे पाच-सहा आठवडे असे आहेत की वाडी भरलेली असते, वाट उघडी असते आणि शाळेत पट पूर्ण असतो. तुम्हाला मी डिसेंबरात बोलावलं असतं तर हवा छान गार मिळाली असती. वाडीत म्हातारी माणसं, दोन कुत्री आणि कुलपं भेटली असती. शरदात बोलावण्याचं हे दुसरं कारण.

मुलीच्या आईशी आम्ही बोलतोय. आजी वाडीतच राहते. मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी सोय आहे, गावातल्या शाळेमार्फत ती मागता येते. आणि मूल सोबत गेलंच तर शाळेनं शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं. ते दाखवून जिथं भट्टी असेल तिथल्या शाळेत बसता येतं. यंदा आमच्याकडच्या प्रत्येक मुलाच्या हातात ते पत्रक दिवाळीआधी पडलं पाहिजे, म्हणून आमची माणसं शाळेत खेपा घालताहेत. आई अजून हो म्हणालेली नाही. तिचंही बरोबर आहे. धाकटी दोन भावंडं भट्टीवर सांभाळणार कोण, हा तिचा प्रश्न आहे, आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. तुम्ही उद्या त्या मुलीला 'तू मोठी खेळाडू होणार हं' असं म्हणू नका, एवढी विनंती. तिच्याबरोबर धावा. दमलात तर दमलो म्हणा. ती हसेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

तुमच्या पाळकांनी विचारलं होतं की धावण्याचा कार्यक्रम शनिवारी का, सगळ्या शहरी शर्यती तर रविवारी पहाटे असतात. उत्तर सोपं आहे, रविवारी आपली आराधना असते. एरिक लिडेलची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमध्ये ऐकली आहे. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून तो धावला नाही, आणि मग चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवलं. गोष्ट बहुतेक वेळा इथंच संपवतात. मला पुढचा भाग जास्त आवडतो. तो मिशनरी म्हणून चीनला गेला, युद्धात जपान्यांच्या छावणीत अडकला, आणि तिथं काय केलं, तर छावणीतल्या मुलांचे खेळ घेतले. १९४५ साली तिथंच वारला. पौलाच्या पत्रांत शर्यतीचे दाखले आहेत, ते रविवारी आराधनेत वाचू.

बाकी थोड्या सूचना. झाडांना रंगीत फिती बांधू नका, दगडावर रंग मारू नका, वाट दाखवायला माणसं आहेत. वनखात्याला कळवलेलं आहे. वेफर, चॉकलेटचे कागद खिशात घालून परत आणायचे. मुलांना बिस्किटांचे पुडे वाटायचे नाहीत. खाली आल्यावर सगळ्यांचा नाश्ता एकत्र आहे, नाचणीची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं कालवण. वाडीतल्या बायकांनी केलंय, त्याचे पैसे आपण त्यांना ठरवून देतोय. मोठ्यांशी बोलताना अहो-जाहो करा. कातकरी माणसाला अरे-तुरे करायची सवय या भागात फार जुनी आहे, तुम्ही ती शिकू नका. घरात शिरून फोटो नाही.

पहाटे साडेपाचला अंगणात जमायचं. उजाडायला सव्वासहा होतात, म्हणून पहिला अर्धा तास चालत जाऊ. टॉर्च घ्या, पण समोरच्याच्या तोंडावर मारू नका. ज्यांच्याकडे काठी नाही त्यांच्यासाठी व्हरांड्यात काठ्या ठेवल्या आहेत. आता जेवायला चला.